किल्लीकाकांचा पत्ता

किल्लीकाका चिडतात हे त्या गल्लीत सगळ्यांनाच ठाऊक होतं; पण तो राग चहाचा कप गार होईपर्यंतच टिकायचा. कुणी खिशातून वेडीवाकडी किल्ली काढून "ही पहिल्यापासून अशीच आहे हो" म्हणालं, की काका कडाडायचे, "पहिल्यापासून? मग कारखान्यातून चावून पाठवली होती का?" आणि दोन मिनिटांनी त्याच माणसापुढे स्टूल सरकवायचे. या खेपेचा राग मात्र दोन महिने टिकला. स्टूल सरकवावं असा माणूसच समोर नव्हता ना!

काकांचं दुकान म्हणजे एका चार मजली इमारतीच्या जिन्याखालची तिरकी जागा. गिऱ्हाईक सरळ उभं राहिलं की चौथ्या पायरीला डोकं आपटतं, म्हणून काकूंनी त्या पायरीला खालून जुन्या उशीचा तुकडा ठोकलाय. आत किल्ली कापायचं मशीन, भिंतभर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या, आणि एक लोखंडी ठोकळा. काकांचा सगळा अभिमान या ठोकळ्यावर. किल्ली कापून झाली, कानशीने तिची धार मारली, की ती ठोकळ्यावर ठेवून ठसा धरायचा आणि हातोड्याचा एकच घाव घालायचा. किल्लीच्या डोक्यावर अकरा अक्षरं उमटायची. काकांच्या वेबसाइटचा पत्ता.

ही कल्पना मुलीची. त्याआधी काका किल्लीवर फोन नंबर ठोकायचे. पण दुकान तीनदा हललं, नंबर चारदा बदलला, आणि किल्ली लॅचमध्ये मोडून दाराबाहेर अडकलेली माणसं जुन्या नंबरावर फोन करून कुणा भलत्याच गृहस्थाची झोप मोडत राहिली. मुलगी म्हणाली, "बाबा, इंटरनेटवर एक पत्ता घेऊन टाका. फोन बदलला की तिथे नवा नंबर लिहायचा. किल्लीला हात लावायला नको." काकांना ते पटलं. काकांना दुसऱ्याचं काही पटणं ही घरात तारीख लिहून ठेवण्यासारखी गोष्ट होती. अकरा वर्षं झाली त्याला. आसपासच्या चार-पाच वस्त्यांमधल्या हजारो खिशांत, पर्समध्ये, गळ्यातल्या दोऱ्यांत काकांचा पत्ता खुळखुळत होता.

काका कुलपाच्या बाबतीत मुलखाचे संशयी. कुणी "किल्ली हरवली, दार उघडून द्या" म्हणून बोलावलं, तर कुलपाला बोट लावण्याआधी ते एकच विचारत, "दार उघडल्यावर डाव्या हाताला काय आहे?"

"चपलांचं कपाट. खालचा खण अर्धाच निघतो."

मग काका दार उघडत, आत जाऊन तो खण ओढून बघत, अर्ध्यावर अडला की मान डोलावत आणि चालू लागत. एकदा एका सुटाबुटातल्या गृहस्थाने सही-शिक्क्यांचे सहा कागद दाखवले, पण डाव्या हाताला काय आहे ते त्याला सांगता येईना. काकांनी हत्यारं पिशवीत भरली. नंतर कळलं, तो घरमालक होता आणि भाडेकरू गावाला गेल्याचं बघून त्याचं सामान बाहेर काढायला आला होता.

असा माणूस इंटरनेटच्या फॉर्मवर खरं नाव लिहील? अकरा वर्षांपूर्वी पत्ता नोंदवताना काकांनी नाव लिहिलं ते खोटं, जन्मतारीख तीही खोटी. "आपलं नाव-गाव चव्हाट्यावर कशाला टांगायचं? उद्या कुणी वाचलं म्हणजे?" कंपनीला पैसे मिळाले, कंपनीने काही विचारलं नाही. उलट दर वर्षी त्या खोट्या तारखेला त्या खोट्या माणसाला वाढदिवसाच्या शुभेच्छांचा ईमेल येई. काका तो काकूंना वाचून दाखवत आणि पोट धरधरून हसत.

मग एका संध्याकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, पत्त्याची मुदत या महिन्यात संपतेय. भरलेत ना पुढच्या वर्षाचे?"

काका भरायला बसले. कंपनीने कोड पाठवला, तो जुन्या ईमेलवर. ती ईमेलवाली कंपनी चार महिन्यांपूर्वीच गाशा गुंडाळून गेलेली. काकांनी मदतीचा नंबर फिरवला. पाऊण तास बासरी ऐकल्यावर एक गोड आवाज आला.

"सर, आपल्या नोंदणीकृत ईमेलवर कोड पाठवला आहे."

"तो ईमेल बंद झालाय, बाई. कंपनीच बुडाली ती."

"हो सर. कोड आला का?"

"कुठे येणार? बुडाली म्हणतोय ना!"

"समजलं, सर. मी पुन्हा पाठवते."

हे तीनदा झालं. चौथ्यांदा काकांचा आवाज इतका चढला की वरच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. तेव्हा बाई म्हणाल्या, "ईमेल बदलायचा असेल तर ओळखपत्र पाठवा, सर. खात्यावरचं नाव आणि जन्मतारीख जुळली पाहिजे."

काकांनी फोन हळूच खाली ठेवला. आतून भाजी चिरत काकूंनी विचारलं, "काय म्हणाली?"

"ओळखपत्र मागतेय."

"मग द्या की."

"माझं नाही. त्याचं."

काकूंची सुरी थांबली. मग त्या जे हसायला लागल्या ते थांबेनात. "अहो, मग आणा शोधून त्याला! अकरा वर्षं वाढदिवस साजरे केलेत, एकदा जेवायला तरी बोलवा!"

"हसू नकोस. हजारो किल्ल्यांवर आहे तो पत्ता."

"मी कुठे किल्ल्यांना हसतेय?" काकू डोळे पुसत म्हणाल्या. पण नवऱ्याचा चेहरा बघून त्यांनी सुरी पुन्हा हातात घेतली. काका स्वतःवर चिडलेले होते, आणि तो राग कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून काकांनी सगळं खरं सांगायचं ठरवलं. खोटं नाव लिहिलं, चूक माझी, कान पकडतो. दुकानाचा फोटो पाठवला, ठशाचा फोटो पाठवला, ठोकलेल्या किल्ल्यांची ओंजळ भरून तिचाही फोटो पाठवला. प्रत्येक पत्राला उत्तर यायचं. पहिल्या ओळीत "आपला त्रास आम्ही समजू शकतो", शेवटच्या ओळीत "आपला दिवस आनंदात जावो", आणि मधे तेच, ओळखपत्र पाठवा. दर वेळी खाली सही नव्या माणसाची. कालच्याने काय वाचलं याचा आजच्याला पत्ता नाही. काकांना वाटायला लागलं की एका लांबलचक टेबलाशी शंभर माणसं बसली आहेत आणि आपलं पत्र एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाताना दर वेळी धुऊन कोरं होतंय.

शेवटी मुदत संपायच्या आदल्या दिवशी 'वरचे साहेब' फोनवर आले.

"सर, नियम आपल्याच सुरक्षिततेसाठी आहे. उद्या कुणीही येईल आणि म्हणेल, पत्ता माझा."

"बरोबर आहे," काका म्हणाले. त्यांचा आवाज आश्चर्य वाटावं इतका शांत होता. "मी कुलपांचा धंदा करतो. मीसुद्धा कुणालाही दार उघडून देत नाही. पण मी घरातलं विचारतो. तुम्ही विचारा ना! त्या वेबसाइटवर कुठल्या पानावर काय आहे, कुठला फोटो वाकडा लागलाय, पहिल्या वर्षी कुठल्या तारखेला पैसे भरले, कुठल्या कार्डाने भरले, सगळं सांगतो. विचारा!"

"तशी सोय नाही, सर."

"अहो, सोय काय करायचीय? तोंड आहे ना तुम्हाला?"

"सर, ओळखपत्र..."

"त्या माणसाचा जन्मच झालेला नाही! पैसे घेताना चालला तो तुम्हाला. अकरा वर्षं वाढदिवस केलेत तुम्ही त्याचे. तेव्हा मागितलंत ओळखपत्र?"

"आपला त्रास आम्ही समजू शकतो, सर."

काकांनी यावर जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते ऐकून समोरच्या शिंपीणबाईंनी मशीन थांबवून दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, एवढंच सांगतो.

मुदत संपली. नियमाप्रमाणे पत्ता काही आठवडे लोंबकळत राहिला. त्या आठवड्यांतही तेच फोन, तीच बासरी, तेच ओळखपत्र. आणि मग मुलीने मोबाइलवर दाखवलं ते बघून काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच कंपनीच्या दुसऱ्या पानावर फुगे आणि झिरमिळ्या लावून जाहिरात होती: "हे सुंदर नाव लवकरच मोकळं होतंय! त्वरा करा! बोली लावा!"

"म्हणजे माझं दार मला उघडून देता येत नाही," काका म्हणाले, "पण कुलपासकट विकता येतं?"

मुलीने बोली लावली. ओळखपत्र कुणी मागितलं नाही. पण कुणीतरी जास्त लावली, आणि पत्ता गेला.

गेला तर गेला, असं काकू म्हणाल्या. नवा ठसा करू. काकाही एखाद्या दिवसाने तसं म्हणाले असते. पण त्याच आठवड्यात वेबसाइट पुन्हा उघडली. निळ्या अक्षरांत लिहिलं होतं: कुलूप उघडून मिळेल, चोवीस तास. खाली एक अनोळखी नंबर. काकांनी तो फिरवला. पहिल्याच घंटीला उचलला. बासरी नाही, काही नाही.

"बोला, कुठे यायचं?"

"घर बंद झालंय. किल्ली आत राहिली," काकांनी थाप मारली.

"पत्ता सांगा. अर्ध्या तासात माणूस पाठवतो. ड्रिल मारून उघडून देऊ."

"पण..." काका अडखळले. "घर माझंच आहे हे कसं कळणार तुम्हाला?"

पलीकडचा माणूस मनमोकळं हसला. "तुम्हीच बोलावताय ना? मग तुमचंच! आपल्याला काय करायचंय काका? पैसे रोख ठेवा फक्त."

काका स्टुलावर बसले. चौथ्या पायरीवरून लोक धडधड वर-खाली करत होते. काकूंना वाटलं, आता हे ओरडतील. ते ओरडले नाहीत, तेव्हा मात्र त्या घाबरल्या.

"अगं, कुणीही," काका म्हणाले, "कुणीही दुसऱ्याच्या दाराशी उभं राहून हा नंबर फिरवेल. आणि दार उघडेल. वर सांगेल, किल्लीवाल्याकडूनच उघडलं. माझा पत्ता वाचून."

"तुमचा दोष नाही तो."

"ठसा मी मारलाय."

त्यांनी खणातून बारीक दातांची कानस काढली, पिशवीत टाकली आणि उठले. दुकानावर पाटी लागली: 'माझ्याकडची किल्ली असेल तर घेऊन या. पत्ता घासून देतो. फुकट.' त्या दिवशी सोळा जण आले. बाकीचे हजारो यायचे कसे? कुठली किल्ली कुणाच्या घरची, ही नोंद काकांनी कधीच ठेवली नव्हती. तशी वही चोराच्या हाती लागली तर काय, या धास्तीने. आता सगळा कारभार आठवणीवर. आणि काकांना आठवायची फक्त कुलपं.

"हिरवं दार, पितळी लॅच, जीभ जरा घासते," ते रस्त्यावर उभे राहून म्हणायचे.

"ते बँकेतल्या कॅशियरचं," काकू सांगायच्या. "बायको भांडकुदळ, पण मुलगा गुणी. दुसरा मजला."

असे दोघं दुपारी दुकान बंद करून जिने चढायला लागले. कुणी कौतुक केलं, कुणी दाराच्या फटीतूनच "नको आम्हाला" म्हणालं. एकाने तर किल्ली खराब होईल म्हणून वाद घातला. काका त्याच्यावर असे उसळले की काकूंना मधे पडावं लागलं. "अहो, हे नव्हेत ते कंपनीवाले. ते दुसरे." काका धुमसत पुढच्या जिन्याला लागले. दिवसाला वीस, कधी तीस. हिशेब केला असता तर सगळ्या किल्ल्या घासायला किती वर्षं लागतील ते कळलं असतं, म्हणून कुणी हिशेब केला नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका तिसऱ्या मजल्यावर एका म्हाताऱ्या नर्सबाईंनी दार उघडलं. त्यांची किल्ली अगदी पहिल्या वर्षीची. अकरा वर्षं खिशात, पर्समध्ये, मुठीत राहून तिचं डोकं नाण्यासारखं गुळगुळीत झालेलं.

"कशाला दमता?" त्या म्हणाल्या. "यावर काही राहिलंच नाही. मला तर एक अक्षर दिसत नाही."

काकांनी किल्ली खिडकीच्या उजेडात धरली. तिरकी केली. चष्मा कपाळावर सरकवला.

"मला दिसतंय," ते म्हणाले, आणि उंबऱ्यात बसून त्यांनी कानस चालवायला सुरुवात केली.