माफीच्या तांब्यातलं पाणी

त्या आयतवारी देवळात कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हंजे मागून कोणी म्हणू नये का म्हातारीनं मनचं लिव्हलं. मास्तर होते. ते हप्ताभर आमच्या वस्तीतल्या लेकरांना शाळा शिकवायचे आन् आयतवारी त्याच पत्र्याच्या खोलीत उपासना घ्यायचे. मास्तरीणबाई होत्या, गायनाचं पुस्तक धरून. माझी सासू होती, भिंतीला टेकून, अर्धी झोपेत. माझे मालक होते, मास्तराच्या पायापाशी, तिथंच बसायला त्यांना आवडायचं. माझी थोरली जाऊ होती. वस्तीतल्या दहा-बारा बाया-माणसं होती. दुसऱ्याच्या घरचं भांडण ऐकायला मिळणार म्हणल्यावर त्या दिवशी कोणाचंच डोकं दुखत नव्हतं. माझ्या मांडीवर माझी चार वर्सांची लेक होती. आन् मी होते. मास्तर म्हणायचे, देवबी हजर हाय. असंल. मला न्हाई दिसला.

निजामाचं राज जाऊन चार-पाच वर्सं झाल्ती. आमचं गाव शहागडापासून कोसभर, गंगेच्या अंगाला. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. वस्ती सासऱ्याच्या काळात ख्रिस्ती झाल्ती. ख्रिस्ती झालो तरी गावाच्या विहिरीवर आम्हाला कोणी चढू देत नव्हतं. आमचा आड अलग. उन्हाळ्यात त्याच्या तळाला हिरवं पाणी ऱ्हायचं, ते फडक्यानं गाळून प्यायचं.

त्या चैतात लेकीचे डोळे आल्ते. घरोघर लेकरांचे येतात तसेच. मी खळ्यावर कामाला गेल्ते, लेक जाऊबाईपाशी होती. पोरगी रडून राह्यली, गप होईना, म्हणून जाऊबाईनं उजव्या डोळ्याला रुईचा चीक लावला. तिच्या माहेरी म्हणे पापणीच्या वरून लावतात. पोरीनं डोळा चोळला, चीक आत गेला. सांजच्याला मी आले तव्हा डोळा लिंबाएवढा सुजल्ता. आठ दिवसांत बुबुळावर पांढरं आलं. मंग डाव्यातूनबी पाणी गळायला लागलं.

म्या जाऊबाईशी बोलणं सोडलं. भांडले न्हाई, शिव्या दिल्या न्हाईत. नुसतं सोडलं. एका चुलीवर भाकरी करायचो, परात हातात द्यायची वेळ आली तर म्या ती खाली ठेवायची आन् तिनं उचलायची.

हे मास्तराला कळलं. त्यात मोठ्या पाद्र्याची प्रभुभोजन द्यायला यायची वेळ जवळ आल्ती. आमच्या वस्तीत अशी रीत होती, का ज्यांचं बोलणं तुटलंय त्यांनी प्रभुभोजनाच्या आधी समेट करायचा. ज्याचं नुकसान झालंय त्यानं तांब्या उचलायचा, दुसऱ्याला आपल्या हातानं पाणी पाजायचं, आन् राह्यलेलं त्याच तांब्यातून आपण प्यायचं. झाली माफी. ही रीत मला वंगाळ वाटत न्हाई. ज्यांच्या वंजळीत गाव वरून पाणी ओतायचं, त्यांनी एका तांब्याला तोंड लावणं ही लहान गोष्ट नव्हती. पण मास्तराला एवढ्यावर भागत नव्हतं. त्याला काहीतरी मोठं पाहिजे होतं, मिशनच्या मोठ्या साहेबाला लिहून कळवण्यासारखं.

त्या आयतवारी त्यानं आंधळ्याला दिसायला लागल्याचा धडा वाचला. पुस्तक मिटलं आन् माझ्याकडं पाहून म्हणाला, "बाई, पोरीचा डोळा कोणी बंद केला?"

म्या जाऊबाईकडं पाह्यलं.

"तिकडं नका पाहू. तिनं चीक लावला, पण डोळा तुम्ही बंद ठिवलाय. तुमच्या पोटात राग हाय. राग बसलाय त्या घरात प्रभू कसा येईल? दाराला आतून कडी!"

बाया 'व्हय व्हय' म्हणाल्या. सासू जागी झाली आन् तिनंबी 'व्हय' म्हणलं, कशाला ते न कळता.

म्या म्हणलं, "मास्तर, राग तर चीक लावल्यावर आलाय. आधी न्हवता."

"बघा, उत्तर कसं तयार हाय!" मास्तर हसला. सगळे हसले. मालकबी हसले.

मंग तांब्या आणला. म्या जाऊबाईला पाणी पाजलं. तिनं खाली मान घालून 'चुकलं' म्हणलं. मी प्याले. सगळ्यांनी टाळ्या वाजवून गायन म्हणलं. तांब्यात बोटभर पाणी उरलं, आन् तिथं मास्तराला सुचलं. म्हणाला, "हे माफीचं पाणी हाय. हेच औषध." बायबलात कोण्या कोडी सरदारानं नदीत सात बुड्या मारल्या आन् त्याचं कोड गेलं. तसं आपणबी सात आयतवार करायचं. दर आयतवारी मी जाऊबाईला माफ करायचं, दोघींनी प्यायचं, आन् दोघींचं उष्टं, आडातलं ते पाणी पोरीच्या डोळ्यात सोडायचं.

मालकानं पोरीचं डोकं धरलं, मास्तरानं हात ठेवून प्रार्थना केली आन् मास्तरीणबाईनं फडक्यानं पाणी पिळलं. पोरीनं अशी किंकाळी फोडली का बाहेरची शेळी दावं तोडून गेली. मास्तर म्हणाला, "सैतान निघून राह्यला."

चार दिवस डोळ्यातून पू आला. म्या मालकाला म्हणलं, "जालन्याला दवाखाना हाय. आपल्याच मिशनचा. मडम डोळे पाहती. घेऊन जाऊ."

"सात आयतवार म्हणलेत ना? मंग मधीच दवाखाना कामून?"

"डोळा सात आयतवार थांबंल का?"

"असा अर्धा इश्वास असल्यावर कसा बरा होईल?" हे मास्तराचं बोलणं होतं. माझ्या मालकाच्या तोंडात त्यांचं सोताचं बोलणं म्या लई कमी ऐकलं.

दुसऱ्या आयतवारी तेच. तिसऱ्या आयतवारी मास्तरानं इलाज लागू पडला का ते पाह्यचं ठरवलं. पोरीला उभं केलं, डावा डोळा हातानं झाकला आन् दोन बोटं वर केली.

"सांग बाळे, किती बोटं?"

पोरीनं माझ्याकडं तोंड फिरवलं.

"घाबरू नको. प्रभू सांगंल तसं सांग. एक का दोन?"

"एक."

"नीट पाह्य. एक... का दोन?"

"दोन."

"हालेलुया!" सगळी खोली उठून उभी राह्यली. मास्तरीणबाईनं पोरीच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. मालक रडायला लागले. म्या पोरीला मांडीवर घेतलं आन् कानात विचारलं, "खरंच दिसलं का गं?" ती गूळ चोखत म्हणाली, "आई, पुन्हा इचारतील का?"

चौथ्या आयतवारी पोरगी न विचारता म्हणाली, दोन. मास्तरानं त्या दिवशी तीन बोटं धरल्ती. मंग मास्तरानं हात खाली घेतला आन् माझ्याकडं वळला.

"बाई, ह्या हप्त्यात काय केलंत?"

"काय केलं?"

"काहीतरी केलंत. मागल्या आयतवारी दिसत होतं, आज न्हाई. माफी वरवरची हाय. तोंडानं केली, काळजानं न्हाई."

म्हंजे माझी माफी किती खरी ते माझ्या लेकीच्या डोळ्यावरून मोजायचं, असं ठरलं. कोणाला ते वावगं वाटलं न्हाई. वस्तीतल्या बाया आडावर मला थांबवून विचारायच्या, "आज कसं वाटतंय? निघाला का राग?" जशी मीच बिमार होते. एक म्हातारी तर म्हणाली, "पोरीसाठी तरी कर गं माफ, तुपलं काय जातंय?" मी दर आयतवारी करत होते. उभी राहून, सगळ्यांसमोर, मास्तर सांगंल त्या शब्दांत. पाचव्या आयतवारी त्यानं मला गुडघ्यावर बसवलं आन् जाऊबाईचे पाय धरायला लावले. पाय मागं घेतले ते जाऊबाईनं. म्हणाली, "मास्तर, हे बराबर न्हाई." मास्तर म्हणाला, "तुम्ही मधी बोलू नका, तुमचं काम झालंय."

डाव्या डोळ्याच्या पापण्या आता सकाळी चिकटून बसायच्या. मी कोमट पाण्यानं सोडवायचे. पोरगी भिंतीला हात लावून चालायला लागली.

सहाव्या आयतवारानंतर सोमवारी शाळा बंद दिसली. मास्तरीणबाई अंगणात दाळ पाखडत होत्या. म्या विचारलं, "मास्तर कुठं गेले?"

"जालन्याला. दाढ लई ठणकत होती बघा, दोन दिवस पाणी पिता येईना. दवाखान्यात काढून येतो म्हणले."

"आपल्या मिशनच्या?"

"मंग दुसरा कुठला?"

"किती आयतवार प्रार्थना केली दाढंसाठी?"

मास्तरीणबाईनं सूप थांबवलं. "दाढंसाठी काय प्रार्थना करायची गं? दाढ काढायचीच असती." असं म्हणून पुन्हा पाखडायला लागल्या. त्यांना त्यात काही इचित्र वाटलं न्हाई, मला तव्हाबी त्यांचा राग आला न्हाई, अक्कलच तेवढी होती.

मी घरी आले, पोरीला घेतलं, दोन भाकरी फडक्यात बांधल्या. मालक म्हणाले, "एकच आयतवार राह्यलाय." म्या म्हणलं, "तुम्ही करा." सासू म्हणाली, "मोटारीत पोट सांभाळ." मला सातवा महिना होता, ते सांगायचं राह्यलं.

शहागडाच्या वाटंवर पांदीपाशी आले तव्हा मागून जाऊबाई आली. माझ्या कडंवरून पोरगी काढून आपल्या खांद्यावर घेतली आन् पुढं चालायला लागली. मोटारीत ती खाली बसली, पोरीच्या डोळ्यावर पदर धरून, धूळ जाऊ नये म्हणून. अंबड मागं गेल्यावर ती म्हणाली, "मला वाटलं थंड पडंल..."

म्या म्हणलं, "गप बस."

तिनं पोरीच्या डोळ्यावरचा पदर सारखा केला.

दवाखान्यातली मडम गोरी होती, पण मराठी आमच्यापेक्षा साफ. तिनं पापणी उलटी केली आन् तिचं तोंड बदललं. "किती दिवस झाले?"

"दोन महिने," म्या म्हणलं.

"डोळ्यात काय घातलं?"

मी तोंड उघडायच्या आधी जाऊबाई पुढं झाली. "रुईचा चीक. म्या घातला. हिनं न्हाई. ही घरी नव्हती. मला कळलं न्हाई का जळंल." सहा आयतवार तिच्याकडून नुसतं 'चुकलं' म्हणवून घेतलं, काय चुकलं हे तिला कोणी एकदाबी विचारलं नव्हतं. तिथं वदवून घेणारं तर कोणीच नव्हतं, तरी तिनं आपणहून सांगितलं.

"आन् नंतर?" मडमनं विचारलं.

म्या तांब्याचं सांगितलं. मडमनं डोळे मिटून घेतले. ती प्रार्थना करत होती का राग गिळत होती, मला सांगता येत न्हाई. मंग म्हणाली, उजवा गेला. पहिल्या हप्त्यात आणलं असतं तर थोडा वाचवता आला असता. डावा घाण पाण्यानं बिघडलाय, तो वाचंल, पण पंधरा दिवस इथं ऱ्हावं लागंल.

पंधरा दिवस आम्ही दोघी दवाखान्याच्या ओसरीवर राह्यलो. जाऊबाई दगडाच्या चुलीवर भाकरी करायची, मी पोरीच्या डोळ्यात औषध सोडायचे. तिसऱ्या का चौथ्या दिवशी तिनं भाकरी हातात दिली आन् म्या हातातच घेतली. म्या तिला माफ केलं का? ते मला आजबी सांगता येणार न्हाई. ती मरेपतूर आम्ही एका चुलीवर राह्यलो, तिचं हागणं-मुतणं शेवटी म्याच काढलं. कोणी त्याला माफी म्हणायचं तर म्हणावं. कोणी टाळ्या वाजवल्या न्हाईत.

डावा डोळा वाचला. आम्ही घरी आलो त्या आयतवारी मास्तर उपासनेत उभा राह्यला, दाढ काढलेला गाल अजून सुजल्ता, आन् म्हणाला, "भावांनो, सहा आयतवारांची प्रार्थना वाया गेली न्हाई. प्रभूनं डावा डोळा वाचवला." सगळे आमेन म्हणाले. "उजवा का गेला, ते तिच्या आईचं काळीज जाणतं." त्यालाबी आमेन म्हणाले. मोठ्या साहेबाला त्यानं तसंच लिहून धाडलं. मालकबी आमेन म्हणाले. म्या ऐकलं.

मी उठून बोलले न्हाई, ही माझी चूक. मला वाटलं, असल्या माणसाच्या तोंडाला काय लागायचं. पोरीचा डोळा वाचला, झालं. पण पोरगी त्याच खोलीत शिकली, त्याच खोलीत वाढली, आन् तिला कोणी गुळासंगं तर कोणी दयेनं तेच सांगितलं. आता तीबी म्हातारी झाली. वस्तीतल्या प्रार्थनेत ती उभी राहून साक्ष देती, का माझ्या आईच्या मनात कडूपणा होता म्हणून माझा डोळा गेला, पण म्या माझ्या आईला माफ केलंय. बाया रडतात. मी शेवटच्या रांगेत बसलेली असते. मला माफ केलंय म्हणे! कशाबद्दल, बाई?

देवावर माझा राग न्हाई. झोपताना त्याचं नाव घेते. त्याच्या नावानं दुकान मांडणाऱ्यांना मी पैशाएवढी किंमत देत न्हाई.

लेकीला तोंडानं सांगायला गेले तर ती डोळे मिटून माझ्यासाठी प्रार्थना सुरू करती, म्हणून चार बुकं शिकलेल्या हातानं हे लिव्हलं. तिला आता त्या एका डोळ्यानं अक्षर लागत न्हाई. तर ज्या कोणाच्या हातात ही वही पडंल त्यानं तिच्या घरी जावं आन् तिला हे पहिल्यापासून शेवटपतूर वाचून दाखवावं. मधी थांबू नये.