आत यायचा अधिकार

आमच्या खात्यातली चार माणसं चहाला जमली की कुणीतरी म्हणतंच, ‘ते मुळशीतलं सांग ना!’ किस्से आम्ही कधी जमवले नाहीत. साखरेच्या डब्याला मुंग्या लागाव्यात तसे ते आपसूक जमले.

दोन हजार तीन-चारच्या सुमाराला मी तिथं अन्न निरीक्षक होते. दुकानात शिरायला कुणी अडवायचं नाही. पण माणसाच्या घरात? खाणं विक्रीसाठी असेल तर शिरा, घरच्यांसाठी असेल तर शिरू नका, असा कायदा. आता हे दारात उभं राहून कळायचं कसं? आमचे साहेब म्हणायचे, ‘मॅडम, तुम्ही पुढं व्हा!’

*

एका वाडीवर तुपाची तक्रार होती. दारात घरची कारभारीण. साहेबांनी ओळखपत्र काढलं.

‘कारड नगं दावू. आंगुळ केलीया का?’

साहेब गडबडले. त्या दिवशी त्यांच्या सोसायटीत पाणीच आलं नव्हतं!

‘मग चुलीपाशी न्हाई यायचं.’

तालुक्यातल्या कुठल्याही दुकानात शिरू शकणारा माणूस ओसरीवर बसून राहिला. नमुना मी घेतला. साक्षीला आणलेल्या पंचांनी तो दारातून पाहिला.

*

उरवड्याला तर कहरच. एका घरात पनीर बनवून कॅन्टीनला देतात, असं कळलं होतं. साहेब, मी आणि दोन पंच इस्त्रीच्या कपड्यांत दारात हजर.

‘या या, वाटच बघत हुतो!’

आम्ही चाट! आमची वाट कोण बघतं? पाणी आलं. मग डोक्यावर पदर घेतलेली मुलगी पोहे घेऊन आली. साहेबांनी सवयीनं विचारलं, ‘तेल कुठलं वापरता? सुटं की पॅकबंद?’

मुलीची आई नवऱ्याच्या कानाशी लागली. ‘लई चौकस हायेत. पोरगी सुखात ऱ्हाईल.’

तेवढ्यात मुलगी बघायला आलेले खरे पाहुणे दारात! आम्ही घाईनं उठलो, तशी ती पोरगी हळूच मला म्हणाली, ‘ताई, पोह्यांत काय चुकलं का?’

काही चुकलं नव्हतं गं. पनीर शेजारच्या घरात होतं.

*

भूगावच्या एका बंगल्यात फराळाचे डबेच्या डबे रचलेत, अशी शेजाऱ्याची तक्रार. दार उघडणारे आजोबा कडक. ‘घरात शिरायचा अधिकार आहे तुम्हाला?’

‘विक्रीसाठी साठा असेल तर आहे.’

‘साठा आहे. नातवंडांसाठी. अमेरिकेतून यायची होती दिवाळीला.’

साहेब परत फिरले, तर आतून आजी आल्या. ‘घेऊन जा हो नमुना. कुणीतरी चव तरी बघेल.’

*

माण गावचा किस्सा मात्र मला कधी नीट सांगता येत नाही. पारूबाईंचा नवरा गेला, शेत आयटी पार्कात गेलं, उरल्या चार खोल्या. त्या भाड्यानं दिल्या आणि भाडेकरू पोरांना त्या जेवायलाही घालायला लागल्या. लायसन नव्हतं. कुणीतरी तक्रार केली. विक्री सिद्ध झाली असती तर खटला, चूल बंद, आणि त्या चुलीवरच त्यांचं पोट होतं.

पाच पोरं जेवत होती. आम्हाला पाहून पारूबाईंची भाकरी हातातच राहिली. साहेबांनी आधी स्वयंपाकघर पाहिलं. भांडी लख्ख, पाणी झाकलेलं. मग विचारलं, ‘ही मुलं कोण?’

एक पोरगा उठला. ‘आई हैं हमारी.’

‘तुझं नाव?’

‘मिश्रा.’

शेजारचा म्हणाला, ‘मैं शेख. मेरी भी.’

तिसरा वऱ्हाडातला. ‘मी गावंडे. माही बी मायच आहे ना जी!’

साहेबांनी चष्मा काढून पुसला. ‘पारूबाई, पाची तुमचीच?’

पारूबाईंनी हातातली भाकरी तव्यावर टाकली. ‘व्हय! एका आईची समदी सारकीच दिसाया पायजेत का?’

साहेब माझ्याकडं वळले. ‘मॅडम, हे घरचं जेवण आहे. आपल्याला आत यायचा अधिकारच नाही. चला.’

आम्ही दाराबाहेर पाऊल टाकतोय, तोच मागून आवाज आला.

‘आन् न जेवता कुटं निगालासा? ए मिश्रा, सरक तिकडं. तुजा मामा बसंल हितं!’