एक कुलेर औषध

गोव्यातल्या कोरगावात तारा परबला कुणी नावानं हाक मारत नाही. सगळ्यांची ती सिस्टर. चौतीस वर्षं पेडणे तालुक्यातल्या सरकारी आरोग्य केंद्रांत तिनं सुया टोचल्या, बाळंतपणं केली, साप चावलेल्यांना गाडीत घालून म्हापशाला पोचवलं, आणि औषधाच्या मापात कधी थेंबाची चूक केली नाही. हे शेवटचं ती स्वतःच सांगायची, तेही जरा वरच्या आवाजात. आता सांगत नाही.

निवृत्त झाल्यावर माणूस किती स्वस्त होतो, हे तिला पहिल्याच महिन्यात कळलं. सून प्रिया मान द्यायची, नाही असं नाही; पण तो मान म्हणजे ‘आई, तुम्ही बसा’ एवढाच. बसून बसून सिस्टरच्या अंगाला मुंग्या आल्या. नवरा मधुकर असता तर निदान भांडायला कुणी होतं. त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती.

अशात डॉक्टर फेर्मिनाचा फोन आला. ही दक्षिण गोव्यातल्या सासष्टीची. तरुणपणी दोन वर्षं पेडण्याच्या केंद्रात होती, तेव्हापासूनची ओळख. आता ती एका ख्रिस्ती संस्थेतर्फे दर वर्षी परदेशात जाऊन आठवडाभर फुकट दवाखाना चालवायची. यंदा मोझांबिकला जायचं होतं आणि हाताला वळण असलेली नर्स मिळत नव्हती. धर्माची अडचण नाही, सकाळच्या प्रार्थनेला नुसती उभी राहिलीस तरी चालेल, असं ती म्हणाली. सिस्टरनं एक दिवस विचार केल्यासारखं दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी पासपोर्टच्या मागे लागली.

गावाला चघळायला विषय मिळाला. देवळापाशी बसणाऱ्या पांडुरंगानं तर तोंडावरच विचारलं, “सिस्टरी, किरिस्तांव होवन परत येतलंस काय गो?”

“तुझ्या बायलेची तीनय बाळंतपणां माझ्या हातान झाली,” सिस्टर म्हणाली, “तेवां माझो धर्म कोणी इचारूक नाय.”

सिस्टर ताठ मानेनं घरी आली आणि मनातल्या मनात खूश झाली. खरं तर तिला सेवाबिवा करायची होतीच, पण आपण अजून कामाच्या आहोत हे गावाला दाखवायचं होतं, हेही तितकंच खरं.

तिथं पोचल्यावर तिला भलताच साक्षात्कार झाला. त्या मुलखावरही पोर्तुगीजांचंच राज्य होतं. दवाखाना भरायचा त्या शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बाईनं पहिल्या सकाळी पाव पुढे केला आणि त्याला पावच म्हणाली. सिस्टरनं खिडकीकडे बोट करून ‘जनेल’ म्हटलं, तर बाई हसत हसत तोच शब्द म्हणाली. मेज तेच, बालदी तीच, चावीही तीच. फेर्मिनाला कौतुक वाटलं. दुभाषा एकच, तो तिच्या टेबलाला बांधलेला. मग औषधं देण्याच्या मेजावर सिस्टरच आपल्या घरच्या शब्दांवर कारभार हाकू लागली. बाकीच्या नर्सा खाणाखुणा करत होत्या आणि ही मात्र बोलत होती. दोन दिवस तिचे पाय जमिनीला लागले नाहीत.

तिसऱ्या दिवशी एक बाई वर्षाचं पोर घेऊन आली. नाक गळत होतं, अंगावर खाज उठली होती, पण पोर हसरं. फेर्मिनानं सर्दी-खाजेचं पातळ औषध लिहिलं. ते गुंगी आणणारं, म्हणून मापात द्यायचं: चहाचा एक चमचा, दिवसातून दोनदा. औषध मोठ्या कॅनमधून लहान बाटल्यांत भरलेलं होतं आणि बाटल्यांना मापाची झाकणं नव्हती. ती आणायची राहिली होती. प्रार्थनेची पत्रकं मात्र पाचशे, मोजून आणली होती.

कोरगावात चमच्याला कुलेर म्हणतात, आणि सिस्टरच्या घरात कुलेर म्हणजे चहात साखर ढवळायची. तिनं एक बोट वर केलं, “कुलेर” म्हणाली, मग हातानं सूर्य उगवताना आणि मावळताना दाखवला. आईला लगेच कळलं. “कुल्येर,” ती म्हणाली, आणि दोघी हसल्या. एका स्वयंसेवकानं तेवढ्यात पोराला सिस्टरच्या कडेवर देऊन दोघांचा फोटो काढला.

दोन दिवसांनी सकाळी ती आई परत आली. पोर तिच्या खांद्यावर ओल्या फडक्यासारखं पडलं होतं. सिस्टरनं पापणी उघडून पाहिली, छातीवर हात ठेवला. श्वास फार सावकाश चालला होता. तिनं बाटली पाहिली तर जवळजवळ रिकामी. किती दिलं, असं तिनं खुणेनं विचारलं. आईनं गाठोडं सोडलं आणि आपली कुलेर बाहेर काढली. ती जेवण वाढायची होती. तिच्यात चहाचे चार चमचे सहज मावले असते. त्या घरात तीच एक कुलेर होती.

सिस्टर धावत फेर्मिनाकडे गेली आणि काही न लपवता सांगितलं. फेर्मिनानं वेळ घालवला नाही, पोराला तपासलं, सलाईन लावलं, जीप काढायला लावली. जिल्ह्याचं इस्पितळ तीन तासांवर होतं. सिस्टर जीपमध्ये चढली, तर फेर्मिनानं तिला दंडाला धरून खाली उतरवलं. बाहेर दोनशे माणसं रांगेत होती आणि तिच्या जागी बसायला दुसरी नर्स मोकळी नव्हती. मग तिला भिंतीकडे नेऊन ती हळूच म्हणाली, “तारा, हें कोणाकूच सांगूं नाका. आमची परवानगी वतली. मागीर ह्या लोकांक कोण पळयतलो?”

परवानगी गेली तर या लोकांना बघणारं कुणी उरणार नाही, हे अगदीच खोटं नव्हतं, आणि सिस्टरला त्याचाच जास्त राग आहे. खोटं असतं तर ती भांडली असती. ती गप्प राहिली. जीप सुटताना आईनं तिचा हात धरला आणि ‘ओब्रिगादा’ म्हणाली. हा एक शब्द कोरगावात नव्हता. अर्थ दुभाष्याला विचारावा लागला. तो म्हणाला, आभारी आहे.

ड्रायव्हर रात्री परतला. इस्पितळाच्या दारात सोडलं, पुढचं माहीत नाही, एवढंच त्यानं सांगितलं. तिसऱ्या दिवशी सगळे विमानात बसले.

घरी आल्यावर गावानं तिला शाल आणि नारळ दिला. पांडुरंगही टाळ्या वाजवायला होता. सिस्टरला अन्न गोड लागेना. तिनं फेर्मिनाला मेसेज पाठवले: पोर कसं आहे, इस्पितळाचा नंबर मिळेल का, दुभाष्याला विचारता येईल का. उत्तरादाखल जोडलेले हात यायचे आणि ‘आम्ही प्रार्थना करत आहोत’ असं यायचं. चार महिने तिनं विचारलं, चार महिने त्यांनी प्रार्थना केली. प्रियाला वाटलं, सासूबाईंना तिकडचं पाणी बाधलं.

मग पणजीहून बोलावणं आलं. संस्थेनं सभागृह घेतलं होतं, पुढच्या वर्षीचे स्वयंसेवक यायचे होते, आणि गेलेल्यांपैकी तिघांनी साक्ष द्यायची होती. त्यांच्यात साक्ष म्हणजे देवानं आपल्याकडून काय करवून घेतलं ते चार माणसांत सांगणं. सिस्टरला हे कुणी समजावलं नाही. तिनं आयुष्यात एकदाच साक्ष दिली होती, विषबाधेच्या एका खटल्यात, कोर्टात. तिथं जे पाहिलं आणि जे केलं ते सांगतात, एवढंच तिला ठाऊक. म्हणजे अखेर यांनीच विचारलं, असं समजून ती सकाळच्या बसनं गेली.

पहिल्या दोघांनी डोळे पुसत पुसत साक्ष दिली. मग तिचं नाव पुकारलं आणि मागच्या पडद्यावर फोटो आला: सिस्टर आणि तिच्या कडेवर ते हसरं पोर. ती क्षणभर बघत राहिली. मग माइकपाशी जाऊन तिनं सगळं सांगितलं. बाटल्या सांगितल्या, झाकणं सांगितली, आपली कुलेर आणि त्या आईची कुलेर सांगितली, जीप सांगितली, आपण गप्प बसलो तेही सांगितलं. “चूक माझी,” ती म्हणाली. “पण पोर जितां आसा काय मेला, इतक्या तरी माका कोणी सांगा.”

फेर्मिना उठली. तिचा चेहरा उतरला होता, पण अशा सभा सांभाळायची तिला सवय होती. तिनं माइक हातात घेतला, सगळ्यांना उभं राहायला सांगितलं आणि म्हणाली की आपण आत्ता, याच क्षणी, त्या लेकरासाठी प्रार्थना करू. दीडशे माणसं उभी राहिली, डोळे मिटले. फेर्मिना सिस्टरकडे वळली.

“तारा, भुरग्याचें नांव कितें?”

सिस्टरनं तोंड उघडलं. रांगेत चिठ्ठ्या वाटल्या होत्या, त्या चिठ्ठीवरचा आकडा तिला आठवत होता. दोनशे बारा. पेडण्याला चौतीस वर्षांत केसपेपरावर नाव लिहिल्याशिवाय तिनं कुणाला साधी गोळी दिली नव्हती. सगळे नावासाठी खोळंबून उभे होते, आणि तिनं ते विचारलंच नव्हतं.