उंबरा आणि शिट्टी

रुक्मिणमावशीनं मला तिच्या घरी ठेवून शिकवलं, म्हणून मी आज लातुरात एका क्लासवर शिकवतो. त्या क्लासच्या व्यवस्थापकाबद्दल हे लिहितोय.

पावसाळ्यात नळदुर्गचा धबधबा, नवरात्रात तुळजापूर, हिवाळ्यात माळेगावची जत्रा. हा गृहस्थ दर मोसमात आम्हा शिक्षकांच्या सहलीसाठी जीप काढायचा. गळ्यात शिट्टी. कुठंही उतरलं की म्हणायचा, "बघून घ्या, लई टाइम न्हाई." स्वतः मात्र भज्यांच्या गाड्यापाशी बसायचा. भूकंपानंतर त्यानं वाटेवरचं एक पडलेलं गावही सहलीत घातलं.

ते गाव मावशीचं. भूकंपापासून ती भोकरला लेकीकडे राहत होती. तिला एकदा घर बघायचं होतं, म्हणून पावसाळ्यात मी तिला जीपमध्ये बसवलं. आम्ही दोघं दगडांत घराचा उंबरा शोधत होतो, तेवढ्यात शिट्टी वाजली.

"माझं घर हाय इथं," मावशी म्हणाली.

"आता नुसते दगड हायेत, मावशी," गृहस्थ म्हणाला. "चला, धबधबा राहून जाईल."

ती येऊन बसली. धबधब्यापाशी ती जीपमधून उतरलीच नाही. गृहस्थ भजी खात होता.

परतल्यावर मी तिला भोकरला पत्र लिहिलं: "मावशी, दिवाळीच्या सुट्टीत तुला न्यायला येतो. हळदीकुंकू बरोबर घे. आपण दोघंच जाऊ, आणि उंबरा सापडेपर्यंत थांबू."