अनुमोदनाचं बोट

उजव्या हाताची तर्जनी टेबलापासून वीतभर वर यायची आणि काका म्हणायचे, "सेकंड." पुरता हात त्यांनी कधी वर केला नाही.

शिकागोच्या पश्चिमेला, नेपरव्हिलच्याही बरंच पुढे, मक्याची शेतं लागतात त्या भागातलं आमचं कम्युनिटी कॉलेज. काका त्याच्या मंडळावर निवडून आलेले सभासद आणि मी मंडळाची मिनिट्स, म्हणजे सभेचं इतिवृत्त, लिहिणारी कारकून. नवऱ्याच्या व्हिसावर नागपूरहून आले, कितीतरी वर्षं घरी बसले आणि मग ही नोकरी मिळाली. सभेत मराठी कळणारी आम्ही दोघंच.

तुम्ही कधी अशा सभेला बसला असाल तर नियम ठाऊक असेल. एकाने ठराव मांडला की दुसऱ्याने "सेकंड" म्हणून अनुमोदन द्यायचं. नाही मिळालं तर ठराव जागीच मेला, ना चर्चा ना मतदान. काका सगळ्यांना अनुमोदन द्यायचे. ज्याला विरोध करणार त्यालासुद्धा. एकदा एका सभासदाने पार्किंगमधल्या हंसांना खायला घालू नये म्हणून पाट्या लावायचा ठराव मांडला. सगळे मोबाईलमध्ये डोकं घालून बसले. काकांचं बोट वर. मग दहा मिनिटं हंसांवर चर्चा, आणि काकांचं मत विरोधात!

"काका, पटत नाही तर सेकंड कशाला करता?" मी वैतागून विचारलं. मिनिट्स मला लिहावी लागतात.

"अगं, मांडणाऱ्याला एकटं पाडायचं नसतं. त्याला बोलू तर दे. मग पाडू की."

दर वसंतात ते स्प्रिंगफील्डला जायचे, राज्याच्या आमदारांपुढे कॉलेजसाठी पैसे मागायला. बोलायला तीन मिनिटं मिळायची. ट्रॅक्टरच्या कारखान्यात जन्म काढलेला माणूस, भाषण असं त्यांना येत नव्हतंच. दरवर्षी तेच सांगायचे. "माझी बायको दिवसा प्लास्टिकच्या कारखान्यात काम करून आमच्या कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात नर्स झाली. तुमच्या पैशावर झाली. आता दुसऱ्यांच्या बायका होऊ देत." आमदार हसायचे. काका हसायचे नाहीत. मी नोकरीला लागले तेव्हाच काकू जाऊन चार वर्षं झाली होती.

आणि मग एका वर्षी राज्याने हात आखडता घेतला. जूनच्या सभेत एका सभासदाने संध्याकाळचा नर्सिंगचा वर्ग बंद करायचा ठराव मांडला. माणूस वाईट नव्हता, हिशेब जुळत नव्हता इतकंच.

"सेकंड?" अध्यक्षीण बाईंनी विचारलं.

सगळे आपापल्या कागदांत बघत होते. मागच्या खुर्च्यांवर त्या वर्गातल्या बायका बसल्या होत्या, काही जणी कामावरच्या कपड्यांतच आल्या होत्या. काका, आज गप्प बसा, मी मनात म्हणत होते. देवाशपथ, इतकं मनापासून मी फार कमी वेळा काही मागितलंय. बाईंनी पुढच्या विषयाचा कागद उचलला.

आणि बोट वर आलं. "सेकंड."

त्यांना वाटलं होतं, नेहमीसारखी चर्चा होईल. या बायका बोलतील, त्यांचं ऐकून ठराव पडेल आणि पुन्हा कुणी तो काढणार नाही. बायका बोलल्याही. एक तर बोलता बोलता रडली. मग मतदान झालं. चार विरुद्ध तीन. काका तिघांत होते. वर्ग बंद झाला.

सभेनंतर पार्किंगमध्ये ते गाडी सुरू न करता नुसते बसून राहिले होते. मी काचेवर टकटक केली.

"काका, तुम्हाला कसं ठाऊक असणार?"

"ही असती तर विचारलं असतं तिने," ते समोर बघत म्हणाले, "तुम्हाला एक दिवस गप्प बसवलं नाही का? काय सांगणार होतो मी?"

त्या सभेच्या मिनिट्समध्ये अनुमोदकाचं नाव मी लिहिलं नाही. मुद्दामच. माझ्या नोकरीतली ती एकुलती एक लबाडी. मसुदा गेला त्याच दिवशी काकांचा फोन.

"नाव राहिलंय."

"कोण वाचतंय काका ते?"

"मी वाचतो. लिही."

लिहिलं. मला त्यांचा राग आला होता, आणि त्यांच्यावर माया होती म्हणूनच आला होता.

त्यानंतर ते एकदा नाही, तीनदा स्प्रिंगफील्डला गेले. बर्फात, स्वतः ड्राइव्ह करत. बायकोची गोष्ट त्यांनी सोडून दिली होती, असं एका खेपेला बरोबर गेलेली एक विद्यार्थिनी म्हणाली. नुसतं म्हणायचे, "चूक माझी आहे. वर्ग परत द्या." जानेवारीत झोपेतच गेले. त्यांच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर चौथ्या खेपेचे कागद तयार होते.

मे महिन्यात राज्याचे पैसे आले. वर्ग पुन्हा सुरू करायचा ठराव मांडला तो बंद करायला निघालेल्या त्याच सभासदाने. काकांची जागा अजून भरली नव्हती.

"सेकंड?"

विरोध कुणाचाच नव्हता. तरी सगळे थांबले. सवयीने सगळ्यांच्या माना त्या रिकाम्या खुर्चीकडे वळल्या होत्या. माझ्या हातातलं पेन कधी खाली पडलं कळलं नाही, आणि माझंच बोट टेबलापासून वर आलं. मी कारकून. मला तो अधिकार नाही. अध्यक्षीण बाईंनी ते पाहिलं आणि नजर खाली केली.

मग कोपऱ्यातून कुणीतरी घसा साफ करून "सेकंड" म्हणालं. मी ते नाव लिहायला घेतलं आणि काकांचं लिहून बसले. खोडावं लागलं.