पुराव्यातली लग्नपत्रिका

लोकांचे बुडवलेले पैसे शोधून वसूल करणं हेच नाशिक कोर्टातल्या आमच्या फर्मचं काम. बुडवणारा माणूस कागदावर नेहमी कफल्लक असतो, आणि तिथेच माझा पारा चढतो.

आमच्या अशील असलेल्या या बाई नामपूरच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. फंडाचे सगळे पैसे घालून त्यांनी नाशिक रोडला फ्लॅट घेतला, तर बिल्डरने तो आधीच दुसऱ्याला विकलेला. बिल्डर कोण, तर त्यांचाच विद्यार्थी! दावा आम्ही जिंकलो. पण वसुलीच्या वेळी त्याने प्रतिज्ञापत्र दिलं, माझ्या नावावर काहीच नाही. आणि बाई सत्तरीत दर अकरा महिन्यांनी भाड्याची खोली बदलत होत्या.

एक दिवस त्यांनी माझ्या टेबलावर त्याच्या मुलीची लग्नपत्रिका ठेवली.

"तुम्हाला बोलावलं त्याने?" मी उडालोच.

"घरी येऊन दिली. वाकून नमस्कार केला. बाईंना कसं वगळेल?"

आपल्याकडे पत्रिकेत मिरवल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही. या पठ्ठ्यानेही छापलं होतं, 'विवाहस्थळ : आमचे स्वतःचे लॉन्स'. सातबारा काढला, तर जागा मेहुण्याच्या नावावर. म्हणजे पैसा याचा आणि नाव मेहुण्याचं.

"उद्याच विक्रीला मनाई मागतो," मी म्हणालो.

"लग्न झाल्यावर मागा."

"बाई, आठ दिवसांत तो जागा विकून मोकळा होईल. मग तुम्हाला छदामही मिळणार नाही!"

"पोरीच्या मांडवात बेलीफ नको. तिने माझं काय घेतलंय?"

मी फाइल आपटली. वर हेही ऐकवलं की चांगुलपणाने खोलीचं भाडं भागत नाही. बाई शांतपणे पाणी प्यायल्या आणि गेल्या. पुढचे आठ दिवस मी रोज सकाळी त्या जागेचा उतारा ऑनलाइन बघत होतो. बाई लग्नाला गेल्या, अक्षता टाकून, जेवून आल्या. सोमवारी आम्ही पत्रिका पुरावा म्हणून जोडून अर्ज केला. जागा विकली गेली नव्हती. जागेचे पैसे बिल्डरच्याच खात्यातून गेल्याचं पुढे बँकेच्या कागदांवरून सिद्ध झालं, आणि दीड वर्षाने घोडं गंगेत न्हालं.

पैसे मिळाल्यावर बाई पेढे घेऊन आल्या. "ती पत्रिका कोर्टातून परत मिळेल का हो?"

"आता कशाला?" मी हसलो. पण अर्ज करून आणून दिली.

पाठीवर कोर्टाचा शिक्का बसला होता. बाईंनी ती उघडून अगदी वरच्या भागावर बोट ठेवलं. 'आशीर्वाद' या शब्दाखाली त्याच्या आईवडिलांची नावं होती आणि लगेच खाली बाईंचं. मी ती पत्रिका पन्नासदा वाचली असेल, पण दर वेळी विवाहस्थळापासून. मला एकदम भरून आलं. त्या दिवशी आपटलेल्या फाइलची लाजही वाटली.

"आशीर्वाद छापला होता माझा," बाई म्हणाल्या, "तो देऊन येईपर्यंत थांबायला नको?"