तेलाशिवाय गेलेली गाडी

मास्तरांनी आयुष्यात कुठल्याही शाळेत शिकवलं नव्हतं. तरी सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, कारण गाडीचा गिअरबॉक्स उघडला की समोरच्याला समजावून सांगितल्याशिवाय त्यांना राहवायचं नाही. एकतीस वर्षं ते हेच काम करत होते. इंजिनाला ते हात लावत नसत, ब्रेकचं काम शेजारच्याकडे पाठवत. गिअरबॉक्स मात्र त्यांचा. गाडी फाटकातून आत येत असतानाच ते मान तिरकी करून ऐकायचे आणि पाना उचलायच्या आधी दुखणं सांगायचे. दहातल्या नऊ वेळा ते बरोबर निघायचं. दहाव्या वेळी ते दोन दिवस घरात कुणाशी धड बोलायचे नाहीत.

त्यांची बायको या गिअरबॉक्सांना ‘माझ्या सवती’ म्हणायची. संध्याकाळी दार उघडतानाच विचारायची, “आज किती सवतींची सेवा झाली?” ती एका दवाखान्यात रुग्णांच्या नोंदी ठेवायची. एका मंगळवारी कामावरून परतताना ती बसथांब्याच्या बाकावर टेकली ती उठलीच नाही. शेजारी बसलेल्या माणसाला वाटलं, डुलकी लागली असेल. दोन बस निघून गेल्या तेव्हा त्याने हाक मारून पाहिली.

मास्तरांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. सही करायची तिथे त्यांनी सही केली, आलेल्यांना बसायला खुर्च्या दिल्या. त्यांचा मेहुणा गॅरेजमध्येच पुढच्या टेबलावर बसून गिऱ्हाइकं सांभाळायचा. तो बहिणीसाठी सगळ्यांदेखत हमसून रडला. मग नाक पुसत म्हणाला, “भावोजी, तुम्हीपण एकदा मोकळे व्हा.”

“होईन,” मास्तर म्हणाले. गाडी कधी मिळेल असं कुणी विचारल्यावर सांगावं, तसं.

सहाव्या दिवशी त्यांनी गॅरेज उघडलं. अंगावर जाड गोधडी घेऊन वावरल्यासारखं त्यांना वाटत होतं. लोक बोलायचे ते ऐकू यायचं, पण लांबून. भूक लागली की डबा खायचा, डब्यात काय होतं ते विचाराल तर सांगता आलं नसतं. मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला होती. ती रोज फोन करायची. “बाबा, जेवलात?” “जेवलो.” एवढ्यावर फोन संपायचा. हात तेवढे जुन्या सवयीने चालायचे, त्यांना धन्याची गरज उरली नव्हती.

त्याच आठवड्यात ड्रायव्हिंग स्कूलच्या बाई आपली गाडी घेऊन आल्या. छोटी पांढरी गाडी, शिकवणाऱ्यासाठी डाव्या बाजूला वेगळे ब्रेक आणि क्लच बसवलेली. तिसरा गिअर टाकताना करकर आवाज यायचा. शिकाऊ हातांखाली असं व्हायचंच. मास्तरांनी एक चक्कर मारून पाहिलं आणि म्हणाले, “तिसऱ्याची रिंग गेली.” गिअरबॉक्समधलं तेल काढलं, तो उतरवून उघडला, तर गिअर जुळवून घेणारी ती पितळी रिंगच झिजली होती. नवी बसवली, सगळं पुन्हा जुळवलं, बोल्ट आवळले. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी गेली.

तिसऱ्या दिवशी ती दोराने ओढत परत आणावी लागली.

मास्तर गाडीखाली शिरले. गिअरबॉक्सच्या कडेला तेलाची पातळी बघायचा एक बोल्ट असतो. तो त्यांनी काढला आणि भोकात बोट घातलं. कोरडं. जळकट वास आला. तेल काढायचा खालचा बोल्ट पाहिला, तो घट्ट होता, आजूबाजूला तेलाचा एक डाग नाही. ते बाहेर आले, हात पुसले आणि मागच्या फळीकडे गेले. त्या गाडीसाठी आणलेला तेलाचा डबा तिथे होता. सील न फोडलेला.

असं काही झालं तर आपल्या पायांखालची जमीन सरकेल, असं त्यांना तरुणपणी वाटायचं. जमीन होती तिथेच होती. त्यांनी डबा उचलून मेहुण्याच्या टेबलावर ठेवला. “तेल घालायचं राहिलं.”

मेहुण्याने डब्याकडे पाहिलं, मग दरवाजाकडे. आवाज खाली आणून म्हणाला, “खालच्या बोल्टला दगड लागला आणि तेल गळलं, असं सांगू. रस्ते आहेतच तसे.”

“गळलं असतं तर डाग दिसले असते.”

“भावोजी, बाईंना डाग कळणार आहेत का?”

“मला कळतात.”

तासाभराने बाई आल्या. मास्तरांनी काही न सजवता सांगितलं, की गिअरबॉक्स बांधला, तेल घातलं नाही, म्हणून जळला, चूक माझी. दुसरा गिअरबॉक्स मी घालून देतो.

बाईंनी पर्स टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, “भर चौकात चाकं जाम झाली, मास्तर. माझ्या बाजूचे पेडल दाबून काही होईना. मागून पाण्याचा टँकर येत होता. हातभर अंतरावर थांबला.”

“हं.”

“हं काय? तुमच्या घरी काय झालं ते मला माहीत आहे, म्हणून मी ओरडत नाही. पण खरं तर ओरडायला हवं.” त्यांनी पर्स खांद्यावर चढवली. “आणि तेव्हा गाडी चालवत होत्या त्या शिकाऊ बाई आता शिकायला येत नाही म्हणतात. आपणच चुकीचा गिअर टाकून गाडी मोडली असं त्यांनी मनात घेतलंय. मी दोनदा समजावलं. त्यांना वाटतं, मी धीर द्यायला खोटं बोलतेय.”

“राहतात कुठे?” मास्तरांनी विचारलं.

गिअरबॉक्स बदलायला दोन दिवस लागले. तेल घालताना त्यांनी मेहुण्याला गाडीखाली बोलावून घेतलं. पातळी भरून भोकातून तेल बाहेर ठिबकू लागलं तसं म्हणाले, “दिसलं?”

“दिसलं.”

“माझ्याकडे नको बघू, भोकाकडे बघ.”

मग जळलेल्या गिअरबॉक्समधलं एक दातेरी चाक त्यांनी फडक्यात गुंडाळलं आणि दिलेल्या पत्त्यावर चालत गेले.

इस्त्रीचं दुकान होतं. पुढे लांब टेबल, त्यावर कपड्यांचे गठ्ठे, मागे पडदा. पन्नाशीच्या जवळपासची बाई शर्टाच्या बाहीवर इस्त्री फिरवत होती. मास्तरांनी आपण कोण ते सांगितलं आणि फडकं उघडलं. लोखंडाचं चाक, दात निळेकाळे पडलेले, दोन ठिकाणी वितळून चिकटल्यासारखे.

“हे तुमच्यामुळे झालं नाही,” ते म्हणाले. “तुम्ही कसाही गिअर टाकला असता तरी लोखंडाला हा रंग येत नाही. तेल नव्हतं. मी घातलं नव्हतं.”

तिने इस्त्री उभी केली, चाक हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. “घरात म्हणाले, कुणी सांगितलं होतं या वयात थेरं करायला. मलाही पटलं.” मग थोडं थांबून, “आदल्या दिवसापासून शिट्टीसारखा आवाज येत होता. बारीक. मी बाईंना म्हटलं होतं. त्या म्हणाल्या, नवं काम झालंय, असेल.”

मास्तरांनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. “तो त्याचाच आवाज. कोरड्या बेअरिंगचा. गाडीत बसणाऱ्या शंभरातल्या एखाद्याला ऐकू येतो.”

“मग मी थांबवायला हवी होती.”

“थांबवायचं काम माझं होतं. तुम्ही शिकायला आला होतात.”

ती चाक परत देत म्हणाली, “इतकी वर्षं काम करताय असं ऐकलं होतं. त्या दिवशी काय झालं होतं तुम्हाला?”

“बायको गेली,” मास्तर म्हणाले.

हे वाक्य त्यांनी आजवर कुणापुढेही उच्चारलं नव्हतं. सगळ्यांना आधीच ठाऊक असायचं, तेच येऊन बोलायचे. आता ते तोंडातून निघालं तेव्हाही काही झालं नाही. ते स्वतःत काही हललं का ते पाहत उभे राहिले.

 बाईने मागून स्टूल ओढून पुढे केलं. “बसा. एवढे दोन शर्ट झाले की चहा टाकते.” ते बसले. तिने दोनाचे सहा शर्ट केले, मग चहा झाला. निघताना ती म्हणाली, “सोमवारी जाईन म्हणते शिकायला.”

सोमवारी ती शिकायला गेली. परीक्षेत एकदा नापास झाली, गाडी मागे घेताना. दुसऱ्या वेळी पास झाली. ड्रायव्हिंगच्या बाईंनी मात्र चार महिने गाडी दुसरीकडे नेली, आणि मास्तरांना त्यात काही गैर वाटलं नाही. पाचव्या महिन्यात त्या परत आल्या. तेल बघायला मेहुण्याला बोलवायचा नियम तेव्हाही चालू होता, तो पुढेही मोडला नाही.

इस्त्रीच्या दुकानातून मास्तर घरी पोहोचले त्या संध्याकाळी नेहमीच्या वेळेला मुलीचा फोन आला.

“बाबा, जेवलात?”

“अजून नाही. आज एका बाईंना सांगितलं, आई गेली म्हणून.”

 पलीकडे मुलगी रडायला लागली. पहिल्या दिवसांनंतर ती त्यांच्यासमोर रडली नव्हती, बाबांना त्रास नको म्हणून. मास्तरांना रडू आलं नाही. पण त्यांनी फोन ठेवला नाही. तिचं रडणं थांबेपर्यंत ते फोन कानाशी धरून खिडकीपाशी उभे राहिले, आणि शेवटी तिने नाक ओढत “तुम्ही आहात ना?” असं विचारलं तेव्हा म्हणाले, “आहे. बोल.”